तारेपलीकडची डिस्क: वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात. एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरनं उभे केलेले संगणक) चालवण्याचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं विकत घेतली, पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद झालं, आणि तेव्हापासून अनेक छोट्या संस्था तेच काम करणाऱ्या प्रॉक्समॉक्स किंवा हायपर-व्हीचा विचार करताहेत. सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरतं, मागचा स्टोरेजचा बॉक्स मात्र तोच राहतो, आणि मग त्या बॉक्सबद्दल आजवर कुणी न विचारलेले प्रश्न वर येतात. पुण्यात माझं रोजचं काम हेच बॉक्स सांभाळण्याचं आहे, म्हणून काही उत्तरं जरा लांबली आहेत.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: सॅनमध्ये (स्टोरेज एरिया नेटवर्कमध्ये) डिस्क सर्व्हरच्या पेटीत नसते, ती नेटवर्कच्या दुसऱ्या टोकाला असते. सर्व्हरला मात्र ती स्वतःचीच डिस्क वाटते. मोठ्या साठ्यातून असा एक तुकडा कापून सर्व्हरला दिला की त्याला 'लन' म्हणतात. तो फायबर चॅनल या स्टोरेजच्या खास नेटवर्कवरून देता येतो, किंवा साध्या इथरनेटवरून आयस्कझीनं. व्हर्च्युअल मशीन ज्या सर्व्हरवर चालतात त्याला 'होस्ट' म्हणतात.

*

आमच्या पतसंस्थेत तीन व्हीएमवेअर होस्ट आणि दोन कंट्रोलरचा एक सॅन आहे. रविवारी पुरवठादाराच्या माणसानं सॅनचं फर्मवेअर बदललं. 'काही बंद करायची गरज नाही' असं तो म्हणाला. सोमवारी सकाळी लिनक्सच्या निम्म्या मशीनवर काहीच सेव्ह होईना, 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' असा संदेश येत होता. विंडोजच्या मशीनना काही झालं नाही. दोष सॅनचा की लिनक्सचा?
— सिस्टीम अधिकारी, सांगली जिल्हा

दोष ठरवण्याआधी त्या काही सेकंदांत काय झालं ते पाहू.

कंट्रोलर म्हणजे सॅनमधल्या डिस्क चालवणारा भाग. असे दोन असले की फर्मवेअर (त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर) आळीपाळीनं चढतं. पहिला कंट्रोलर रीस्टार्ट होताना त्याच्याकडचे लन दुसऱ्याकडे जातात. या हस्तांतरात काही सेकंद, आणि बॉक्स जुना किंवा कामानं दबलेला असेल तर त्याहून बराच जास्त वेळ, लिहिण्या-वाचण्याला उत्तरच येत नाही. होस्टला हे समजतं. तो थांबतो आणि दुसरा मार्ग धरतो. पण होस्टवर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला ना कंट्रोलर दिसतो, ना केबल. तिला एवढंच कळतं की आपली डिस्क अचानक गप्प झाली.

गप्प झालेल्या डिस्कसाठी लिनक्स मुळात ३० सेकंद थांबतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर डिस्क रिसेट करून पुन्हा प्रयत्न करतं, आणि तोही फसला तर चूक वर फाइल सिस्टीमला कळवतं. एक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीमला जर्नलमधली (बदलांच्या नोंदवहीतली) नोंद पूर्ण करता आली नाही की ते यापुढे लिहिणं थांबवतं आणि रीड-ओन्ली होतं. एक्सएफएस त्याहून कडक आहे, ते फाइल सिस्टीमच बंद करतं. दोघंही योग्यच वागतात. कोणती नोंद डिस्कवर पोचली आणि कोणती नाही याची खात्री नसताना पुढे लिहीत राहणं पतसंस्थेच्या डेटासाठी फार धोक्याचं आहे. विंडोजमध्ये हीच मर्यादा बहुतेक ठिकाणी ६० सेकंद असते. तुमचं हस्तांतर बहुधा या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी संपलं.

निम्म्याच लिनक्स मशीन का सापडल्या, याची दोन कारणं संभवतात. व्हीएमवेअर टूल्स (मशीनच्या आत बसवायचं पूरक सॉफ्टवेअर) नीट बसवलेले असतील तर ते ही मर्यादा १८० सेकंदांवर नेतात. ज्यांवर टूल्स नव्हते, त्या अडकल्या असतील. आणि ज्या मशीन त्या वेळी काहीच लिहीत नव्हत्या, त्यांना कदाचित काही कळलंही नसेल. प्रत्येक लिनक्स मशीनवर डिस्कच्या नावाखाली 'टाइमआउट' नावाची छोटी फाइल असते, तिच्यातला आकडा वाचा. ३० दिसला तर १८० करा, आणि तो यूडेव्हच्या (डिस्क दिसताच तिची सेटिंग लावणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) नियमात लिहा, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला पुन्हा ३० होईल.

अडकलेल्या मशीनवर घाईनं पुन्हा 'रीड-राइट' माउंट करू नका, म्हणजे लिहिण्यासाठी जोडू नका. आधी डिस्कची प्रत काढा, मग रीस्टार्ट करून फाइल सिस्टीमची तपासणी पूर्ण होऊ द्या. त्यानंतर डेटाबेसची स्वतःची तपासणी करा. पिग्मीचा भरणा त्या मशीनवर येत असेल तर रविवारच्या शेवटच्या नोंदी एजंटांच्या पावत्यांशी हातानं ताडून पाहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्या नोंदी रोज थोडे थोडे पैसे ठेवणाऱ्या माणसांच्या आहेत.

आता मार्गांबद्दल. तुमच्या होस्टवर प्रत्येक लनसमोर किती मार्ग दिसतात? होस्टचे दोन पोर्ट दोन स्विचना आणि प्रत्येक स्विच दोन्ही कंट्रोलरना जोडलेला असेल, तर किमान चार दिसायला हवेत. मी पाहिलेल्या अनेक ठिकाणी केबल दोन असतात आणि दोन्ही एकाच स्विचला जातात, किंवा दोन्ही एकाच कंट्रोलरवर उतरतात. कागदावरची आकृती मात्र निर्दोष असते. खात्रीचा उपाय एकच: संध्याकाळी दिवसअखेर झाल्यावर, बॅकअप हातात ठेवून, एक केबल काढायची आणि घड्याळ लावून बघायचं. मग दुसरी. मग एक कंट्रोलर. बॉक्स ताब्यात घेतानाच पुरवठादाराकडून हे करून घ्यायला हवं, आणि त्याशिवाय बिलावर सही करू नये असं माझं ठाम मत आहे. पतसंस्थेच्या डेटावर हा प्रयोग पहिल्यांदा फर्मवेअर बदलताना व्हावा, हे मला मान्य नाही. 'काही बंद करायची गरज नाही' हे वाक्य बोलण्याआधी त्या माणसानं मशीनमधले टाइमआउट विचारायला हवे होते. दोष विचारता म्हणून सांगते, तो मी तिथे धरते.

*

कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॉक्समॉक्सचे दोन सर्व्हर आहेत. आयस्कझीचा एकच लन दोघांना जोडला, त्यावर एक्सटी४ बनवून दोन्हीकडे माउंट केला. एका सर्व्हरवर ठेवलेली फाइल दुसऱ्यावर दिसत नव्हती. चार-पाच दिवसांत काही मशीन सुरूच होईनात. डिस्क खराब आहे का?
— प्रयोगशाळा साहाय्यक, छत्रपती संभाजीनगर

डिस्क चांगली आहे. आत्ताच्या आत्ता एका सर्व्हरवरून तो लन अनमाउंट करा, मग पुढचं वाचा. दोन्हीकडे माउंट असताना फाइल सिस्टीम दुरुस्त करायला जाऊ नका, उरलंसुरलंही जाईल. एकाच बाजूनं, रीड-ओन्ली माउंट करून, जे निघतं ते बाहेर काढा.

एक्सटी४ हे गृहीत धरतं की या डिस्कचा मालक मी एकटा. कोणता ब्लॉक मोकळा आहे याची यादी ते स्वतःच्या मेमरीत ठेवतं आणि दर वेळी डिस्कवर जाऊन पडताळत नाही. तुमच्याकडे दोन सर्व्हर, दोन याद्या. एकाच गावाचा सातबारा दोन तलाठ्यांकडे असावा आणि दोघांनी एकमेकांना न विचारता फेरफार नोंदवावेत, तसं झालं. एकच मोकळा ब्लॉक दोघांनी दोन वेगळ्या मशीनना दिला. विंडोजचं एनटीएफएस असतं तरी हेच झालं असतं.

व्हीएमवेअरवर हे तुम्हाला कधी जाणवलं नसेल, कारण तिथली व्हीएमएफएस ही फाइल सिस्टीम अनेक होस्टनी एकत्र वापरण्यासाठीच घडवलेली आहे. कोणती फाइल कोणत्या होस्टच्या ताब्यात आहे याची कुलपं ती लनवरच लिहिते, आणि प्रत्येक होस्ट आपण जिवंत असल्याची खूण तिथेच ठेवत राहतो. पूर्वी कुलूप लावायला अख्खा लन क्षणभर राखून ठेवावा लागे, त्यामुळे एका लनवर खूप मशीन ठेवल्या की सगळ्याच रखडत. २०१० मध्ये व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ४.१ सोबत अशी सोय आली की स्टोरेजची साथ असेल तर फक्त त्या कुलपापुरता सेक्टर एका झटक्यात तपासून बदलता येतो. हायपर-व्हीमध्ये हे काम क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम करतात, ते विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून आहेत.

प्रॉक्समॉक्सवर आयस्कझी लनसाठी सरळ रस्ता एलव्हीएमचा, म्हणजे डिस्कचे हवे तसे भाग पाडणाऱ्या लिनक्सच्या सोयीचा आहे. दोन्ही सर्व्हर आधी एका क्लस्टरमध्ये (एकत्र चालणाऱ्या गटात) घ्या, लनवर एकच व्हॉल्यूम ग्रुप बनवा आणि स्टोरेज जोडताना 'शेअर्ड' ही खूण करा. मग प्रत्येक व्हर्च्युअल डिस्क हा स्वतंत्र लॉजिकल व्हॉल्यूम होतो आणि एका वेळी एकाच सर्व्हरवर वापरात राहतो. वर फाइल सिस्टीम नाही, त्यामुळे भांडणही नाही. लागेल तशीच जागा घेणारं एलव्हीएम-थिन इथे चालत नाही, ते एकाच सर्व्हरपुरतं आहे. जागा आधीच राखणाऱ्या जाड एलव्हीएमवर स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) मिळत नसत. २०२५ मध्ये आलेल्या प्रॉक्समॉक्सच्या आवृत्ती ९ मध्ये त्याची सोय आली आहे, पण ती अजून चाचणीच्या पातळीवरची म्हणून दिलेली आहे. मुलांच्या लॅबमध्ये जरूर वापरून बघा, परीक्षा विभागाच्या मशीनसाठी मी थांबेन. स्नॅपशॉट हवेतच, तर एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये) क्यूकाऊ२ प्रकारच्या व्हर्च्युअल डिस्कच्या फाइली ठेवणं जास्त सोपं पडेल.

आणखी एक. दोनच सर्व्हरचं क्लस्टर असेल तर एक बंद पडल्यावर दुसऱ्याकडे बहुमत उरत नाही. लॅबमधल्या एखाद्या जुन्या पीसीवर क्यूडिव्हाइस बसवून तिसरं मत द्या.

*

आमचं तीस खाटांचं रुग्णालय आहे. दोन सर्व्हर, आठ व्हर्च्युअल मशीन. पुरवठादार म्हणतो, सॅन घेतल्याशिवाय सुरक्षितता नाही. बारा डिस्कचा, रेड ६ चा बॉक्स सुचवला आहे, डिस्क ७,२०० आरपीएमच्या. घ्यावा का?
— एक डॉक्टर, नाशिक

माझ्या मते, हा बॉक्स घेऊ नका.

७,२०० फेऱ्यांची डिस्क एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पुरी करते. हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, आणि त्याआधी डोकं योग्य जागी सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे अशी एक डिस्क वेगवेगळ्या जागी सेकंदाला पाऊणशे-ऐंशी व्यवहार करते, बारा मिळून साधारण ९००. रेड ६ मध्ये (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणाऱ्या रचनेत) एक छोटी नोंद लिहायला तीन वाचनं आणि तीन लेखनं, म्हणजे सहा व्यवहार लागतात. तुमच्या कामात तीस टक्के लिहिणं असेल, तर एका कामामागे सरासरी ०.७ × १ + ०.३ × ६ = २.५ व्यवहार, आणि ९०० भागिले २.५, म्हणजे ३६० उरतात. आठ मशीन, त्यांतली एक डेटाबेसची, आणि सकाळी ओपीडीच्या वेळी सगळे एकदम. कंट्रोलरची कॅश (तात्पुरती वेगवान मेमरी) काही काळ हे झाकते. त्या कॅशची बॅटरी गेली की बहुतेक बॉक्स प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहू लागतात, आणि मग खिडकीवरची रांग लांबत जाते. पुरवठादारानं तुम्हाला बहुधा टेराबाइट सांगितले असतील. विचारायला हवेत ते व्यवहार आणि मिलिसेकंद.

सुरक्षिततेचं म्हणाल तर सॅनमध्ये कंट्रोलर दोन असले तरी पेटी एक, मागचं सर्किट बोर्ड एक, फर्मवेअर एक. दोन सर्व्हरच्या स्वतंत्र डिस्क स्वतंत्रपणे बिघडतात. सॅन बिघडला तर आठही मशीन एकदम जातात. सॅनचा खरा फायदा मशीन चालू असताना एका होस्टवरून दुसऱ्यावर नेता येणं, आणि होस्ट बंद पडला तर काही मिनिटांत दुसरीकडे तीच मशीन सुरू होणं, हा आहे. दहा-वीस होस्ट असतील तर तो फायदा मोठा आहे.

तुमच्यासाठी दोन्ही सर्व्हरमध्ये सर्व्हरसाठीच्या एसएसडी घाला, दोन्हीवर झेडएफएस ही फाइल सिस्टीम ठेवा आणि प्रॉक्समॉक्सचं रेप्लिकेशन (एका सर्व्हरवरच्या डिस्कची प्रत दुसऱ्यावर) लावा. ते मुळात दर पंधरा मिनिटांनी चालतं, वेळ कमी करता येते. सर्व्हर गेला तर शेवटच्या काही मिनिटांच्या नोंदी कागदावरून पुन्हा भराव्या लागतील. हे तुमच्या कर्मचाऱ्यांना चालेल का, ते त्यांना विचारून ठरवा. उरलेल्या पैशांतून इमारतीबाहेर राहणारा बॅकअप घ्या.

*

आयस्कझीसाठी जम्बो फ्रेम चालू केल्या. लन जोडला जातो, यादीत दिसतो, पण फॉरमॅट करायला गेलं की सगळं लटकतं.
— नेटवर्क अभियंता, ठाणे

जम्बो फ्रेम म्हणजे नेहमीच्या १५०० ऐवजी ९००० बाइटपर्यंतची पॅकेट. मधला एखादा स्विच किंवा पोर्ट अजून १५०० वर आहे. लॉगिनची पॅकेट छोटी असतात, ती पार होतात. मोठी वाटेत गळतात आणि कुणी काही सांगत नाही. होस्टच्या आयस्कझी पोर्टवरून स्टोरेजला ८९७२ बाइटचा पिंग करा, 'तुकडे करू नये' हा पर्याय लावून. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा केले की ८९७२ उरतात. प्रत्येक मार्गावर वेगळा पिंग हवा. सगळ्या टोकांना बदल करता येत नसेल तर १५०० वर परत या. दहा गिगाबिटच्या नेटवर्कवर जम्बो फ्रेमनी मिळणारा फायदा या त्रासाच्या मानानं थोडा आहे.

*

ईआरपी हळू चालतं. स्टोरेजवाले म्हणतात सर्व्हर बघा, सर्व्हरवाले म्हणतात स्टोरेज बघा.
— लेखा विभाग, चाकण

होस्ट व्हीएमवेअरचा असेल तर त्यावरच्या ईएसएक्सटॉप या मोजणीच्या साधनात डिस्कच्या पानावर तीन आकडे असतात. डीएव्हीजी म्हणजे होस्टच्या बाहेर, केबल आणि स्टोरेज मिळून गेलेला वेळ. केएव्हीजी होस्टच्या आत गेलेला. जीएव्हीजी दोघांची बेरीज, तुमच्या मशीनला जाणवते ती. डीएव्हीजी सतत वीस-पंचवीस मिलिसेकंदांच्या वर असेल तर स्टोरेज किंवा वाट तपासा. डीएव्हीजी ठीक आणि केएव्हीजी दोनच्या वर असेल तर होस्टमध्येच रांग लागते आहे, एका लनवर फार मशीन आहेत का ते पाहा. महिनाअखेरीला, काम जोरात असताना आकडे टिपा आणि दोघांना एकाच टेबलावर बसवून दाखवा.

*

आमच्या साखर कारखान्यात बॅकअप म्हणून प्रत्येक मशीनचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता, गेल्या गाळप हंगामापासून. परवा डेटास्टोअर (मशीनच्या फाइली असतात तो साठा) भरला आणि वजनकाट्याच्या मशीनसकट सगळं थांबलं. जुन्या डेल्टा फाइली उडवल्या तर जागा होईल का?
— संगणक विभाग, सोलापूर जिल्हा

कृपा करून एकही डेल्टा फाइल हातानं उडवू नका. स्नॅपशॉट घेतल्या क्षणी मूळ डिस्क गोठते आणि त्यानंतरचं सगळं लिहिणं डेल्टामध्ये जातं. म्हणजे या हंगामातली प्रत्येक वजनपावती त्या फाइलमध्ये आहे. ती गेली तर मशीन थेट गेल्या हंगामात जाईल.

आधी जागा करा. सॅनवर मोकळी जागा असेल तर लन वाढवा, नाहीतर बंद ठेवता येणारी एखादी मशीन दुसऱ्या डेटास्टोअरवर हलवा. मग थांबलेल्या मशीनचा 'पुन्हा प्रयत्न करा' हा प्रश्न पुढे आलेला असेल, त्याला होकार द्या. त्यानंतर व्हीस्फिअरच्या पडद्यावरूनच, एका वेळी एकाच मशीनचा स्नॅपशॉट काढून टाका, सगळ्यात लहान डेल्टा असलेल्या मशीनपासून सुरुवात करा. मोठा डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळायला कित्येक तास लागू शकतात आणि तेवढा वेळ स्टोरेजवर ताण राहतो. ऊस घेऊन ट्रॅक्टर उभे असतील त्या वेळी वजनकाट्याची मशीन हाती घेऊ नका.

एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं व्हीएमवेअरच सांगते. तो पॅच टाकण्याआधी घ्यायचा आणि सगळं ठीक दिसलं की काढायचा. सॅन स्वतः जे स्नॅपशॉट घेतो ते वेगळे, आणि उपयोगी आहेत. पण तेही त्याच पेटीत राहतात. पेटी जळाली, किंवा कुणी बाहेरून शिरून सॅनचा पासवर्ड मिळवला, तर मूळ आणि प्रती एकत्रच जातात. बॅकअप वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या पासवर्डखाली हवा, आणि एक प्रत कारखान्याच्या आवाराबाहेर. महिन्यातून एकदा त्यातली एक मशीन खरोखर उभी करून, त्यावर एखादी जुनी पावती शोधून बघा.

लन थिन (लिहिलं जाईल तशीच जागा घेणारे) दिले असतील तर आणखी एक तपासा. डेटास्टोअरवर जागा दिसते पण सॅनच्या पोटात ती नसते, असं होऊ शकतं. दोन्हीकडे ऐंशी टक्क्यांना इशारा लावा. व्हीस्फिअर ६.५ सोबत आलेल्या व्हीएमएफएस ६ मध्ये उडवलेल्या फाइलींची जागा सॅनला आपोआप परत जाते. त्याआधीच्या व्हीएमएफएस ५ वर ते काम हातानं करावं लागतं.

*

मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सॅन शिकायचा आहे, पण कॉलेजात नाही आणि विकत घेणं शक्य नाही.
— विद्यार्थिनी, रत्नागिरी

विकत काही घ्यावं लागणार नाही. आयस्कझी लन देणारं सॉफ्टवेअर २०११ मधल्या ३.१ आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, त्याला एलआयओ म्हणतात. ८ जीबी रॅमच्या संगणकावर तीन छोटी लिनक्स मशीन उभी कर. एकीवर टार्गेटसीएलआय ही एलआयओची आज्ञा वापरून दोन जीबीचा लन बनव आणि उरलेल्या दोघींना दे. तिन्हींना दोन-दोन नेटवर्क कार्ड दे, म्हणजे मल्टिपाथही (एकाच लनकडे अनेक मार्ग) करून बघता येईल. वरच्या संभाजीनगरच्या प्रश्नातली गडबड मुद्दाम घडवून बघ, तिथे काही हरवण्यासारखं नाही. मग आयस्कझीच्या ३२६० या पोर्टवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) लाव. लॉगिनमध्ये दोन्ही बाजू काय काय ठरवतात, आणि चॅप (लॉगिनची ओळख तपासण्याची पद्धत) पासवर्ड लावला तरी पुढचा डेटा उघडाच कसा जातो, हे तुला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. सोबत आरएफसी ७१४३, म्हणजे आयस्कझीचे नियम सांगणारा दस्तऐवज वाच. तो २०१४ चा दस्तऐवज आहे, मोफत आहे, आणि लांब असला तरी भाषा सरळ आहे. अडलं की पुन्हा लिही, वायरशार्कची फाइल जोडून.